एवढ्याशा जिवाचे दत्तकविधान

मंडळाच्या मागील बैठकीत कार्यक्रम आटोपल्यावर, चहाचे कप फिरत असताना, एका तरुण सभासदाने उभे राहून एक निवेदन केले. बदली होऊन गेलेले एक कुटुंब जाताना आपला हॅम्स्टर जिन्याखाली बुटांच्या खोक्यात ठेवून गेले. शेजारच्या मुलांनी तो उचलून आणला आहे. कुणी त्याला दत्तक घेईल काय, एवढाच त्याचा प्रश्न होता. सभागृहात हशा पिकला. एका वयोवृद्ध सभासदांनी मात्र गंभीरपणे बजावले, "दत्तक हा शब्द ग्वाल्हेरात तरी जपून वापरा. तो उंदरांसाठी नाही." दुसऱ्या बाजूने एक आजी म्हणाल्या, "द्या आमच्याकडे. नातवाचा वाढदिवस आहे, खेळेल चार दिवस." निवेदन तेथेच विरले आणि मंडळी चपला शोधू लागली.

आम्हांस ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात. आणि स्पष्टच सांगायचे तर दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा अधिक चुकीचे वाटते. पहिल्यात निदान शब्दाविषयी आदर होता. दुसऱ्यात ना शब्दाचा आदर होता, ना जिवाचा. ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ती सर्व मंडळी आमच्या आदरातील आहेत, म्हणूनच हा वाद मनात न ठेवता पत्रिकेच्या पानांवर मांडत आहोत.

प्रथम ज्याच्यावरून हशा पिकला त्याची ओळख करून घेऊ. हॅम्स्टर हा कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातील खरा. पण तो आपल्या मोरीतला उंदीर नव्हे, पांढरा उंदीर नव्हे आणि गिनीपिगही नव्हे. तळहातावर मावणारा, बदामी-सोनेरी अंगाचा, शेपूट जवळजवळ नसलेला हा प्राणी आहे. गालांच्या आत खांद्यापर्यंत पोहोचणाऱ्या पिशव्या असतात. त्यांत दाणे भरून तो बिळात नेतो व साठवतो. त्याच्या नावावरून जर्मन भाषेत साठेबाजीसाठी क्रियापदच तयार झाले आहे. सोनेरी हॅम्स्टरचे मूळ घर उत्तर सीरिया आणि त्याला लागून असलेला तुर्कस्तानचा भाग. अलेप्पोहून आलेल्या नमुन्यावरून १८३९ साली वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढे जवळजवळ शतकभर जग त्याला विसरले.

१९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळचे एक गव्हाचे शेत खणवले. सुमारे आठ फूट खोलीवर एक मादी आणि तिची अकरा पिले सापडली. भेदरलेल्या मादीने एक पिलू तेथेच मारले. उरलेल्या पिलांपैकी काही निसटली, काही मेली. जी मोजकी भावंडे राहिली त्यांची वीण जेरुसलेमला वाढली. आज जगभरच्या पिंजऱ्यांत असलेले जवळजवळ सगळे सोनेरी हॅम्स्टर त्या एका बिळाचे वंशज आहेत. हा खटाटोप कुणाच्या करमणुकीसाठी झाला नव्हता. सॉल अ‍ॅडलर या संशोधकास काळा आजाराच्या रोगजंतूंवर काम करण्यासाठी प्रयोगाचा प्राणी हवा होता. बिहार-बंगालात ज्या काळा आजाराने असंख्य माणसे नेली, त्यावरची औषधे शोधताना लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेतही हाच प्राणी वापरला गेला. अलीकडचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे. २०२० साली कोव्हॅक्सिन ही लस माणसांच्या दंडात जाण्यापूर्वी ज्या प्राण्यांवर पारखली गेली त्यांत सीरियन हॅम्स्टर होते, आणि ते काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झाले. आपल्यापैकी ज्यांनी २०२१ मध्ये रांगेत उभे राहून त्या लशीच्या दोन मात्रा घेतल्या, त्यांनी तरी या प्राण्याच्या नावावर हसताना क्षणभर थांबावे.

आता शब्दाकडे येऊ. आमच्या वयोवृद्ध स्नेह्यांचा आक्षेप असा की दत्तक हा वंशाचा, पिंडाचा, गादीचा विषय आहे. तो प्राण्यांना लावणे ही शब्दाची विटंबना आहे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने हा आक्षेप घ्यावा यात नवल नाही. आपण रोज ज्या जनकगंजातून जातो, ज्या जयाजी चौकात भाजी घेतो, ज्या जयविलास महालाकडे पाहुण्यांना नेतो, ती सारी दत्तकपुत्रांचीच नावे आपल्या तोंडी ठेवून गेली आहेत. दौलतराव शिंदे १८२७ साली निपुत्रिक वारले, तेव्हा बायजाबाईसाहेबांनी जनकोजीरावांना दत्तक घेतले. १८४३ साली जनकोजीराव निपुत्रिक गेले आणि ताराबाईसाहेबांनी जयाजीरावांना दत्तक घेतले. फुलबागेजवळ जिची समाधी आहे त्या झाशीच्या राणीचे सारे युद्ध एका दत्तकावरून पेटले. गंगाधररावांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने नाकारला, झाशी खालसा केली, आणि जून १८५८ मध्ये राणी याच शहराच्या वेशीवर लढता लढता पडली. असा शब्द कुणी थट्टेत वापरला तर आम्हांलाही रुचणार नाही.

परंतु याच इतिहासाने आपल्याला दत्तकाची दुसरी बाजूही शिकवली आहे. दत्तक घेतलेला जीव परत करता येत नाही. बायजाबाई आणि जनकोजीराव यांचे किती बिनसले, हे आपण जाणतो. प्रकरण इतके विकोपास गेले की १८३३ मध्ये बाईसाहेबांनाच ग्वाल्हेर सोडावे लागले. तरीही दत्तक रद्द झाले नाही. धर्मशास्त्राचे निबंधकार हेच सांगत आले, आणि १९५६ च्या कायद्यानेही विधिपूर्वक झालेले दत्तक कुणालाही मोडता येणार नाही असे स्पष्ट केले. त्या कायद्याच्या नावाकडे वाचकांनी लक्ष द्यावे: हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. दत्तक आणि निर्वाह हे दोन शब्द कायदा करणाऱ्यांनी एका दाव्याला बांधले. दत्तकात वारसा असतो तसा निर्वाहही असतो. प्राणी आपल्या गादीवर बसणार नाही, आपले श्राद्ध करणार नाही, आपल्या वाड्याचा हिस्सा मागणार नाही, हे मान्य. मग मागे उरतो तो केवळ निर्वाह, केवळ दायित्व. मोबदल्याची कोणतीही अपेक्षा नसलेले दत्तक हे शब्दाची विटंबना कसे ठरेल? विटंबना त्या कुटुंबाने केली, ज्याने घरात आणलेला जीव सामान आवरताना खोक्यात घालून जिन्याखाली ठेवला.

दुसरा आक्षेप सोवळ्याचा आणि स्वच्छतेचा. आपल्या आज्या-पणज्यांच्या आठवणीत १८९६-९७ चा प्लेग होता. घरात उंदीर पडला की अंथरूण-पांघरूण घेऊन माळावर झोपड्यांत राहायला जायचे, ही त्या पिढीची शिकवण. त्या भयाची थट्टा करावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. पण गटारातून, धान्याच्या कोठारातून फिरणारा, अंगावर पिसवा वागवणारा उंदीर आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला हॅम्स्टर यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. त्याच्यापासूनही काही रोग माणसास होऊ शकतात. म्हणून त्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, स्वयंपाकघरात त्याचा पिंजरा ठेवू नये, आणि घरात गर्भवती स्त्री किंवा तान्हे मूल असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय त्याला आणूच नये. एवढी काळजी घेतली म्हणजे भयाचे कारण उरत नाही. गणपतीच्या पायाशी बसलेल्या मूषकाला आपण दहा दिवस नैवेद्यात वाटेकरी करतोच.

येथवर आम्ही पहिल्या पक्षाशी वाद घातला. आमचा खरा वाद दुसऱ्या पक्षाशी आहे. कारण नकार देणाऱ्यांच्या हातून हॅम्स्टर मरत नाही, हौसेने घेणाऱ्यांच्या हातून मरतो. हे आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी असाच एक टाकलेला हॅम्स्टर आमच्या घरी आला होता. तोपर्यंत गाय आणि कुत्रा सोडून दुसरा प्राणी आम्ही पाळला नव्हता. आम्ही अतिशय प्रेमळ होतो आणि अतिशय अज्ञानी होतो. त्या अज्ञानाची किंमत त्या प्राण्याने मोजली, आणि ती मोजताना तो जवळजवळ गेला होता.

पहिल्या दिवशी आम्ही त्याला मऊ कापसाची गादी केली. कापसाचे तंतू त्याच्या पायांना गुंडाळतात, गालांच्या पिशव्यांत आणि पोटात अडकतात, हे नंतर कळले. त्याला हवा असतो जाड थर, निदान वीतभर खोल: कातरलेल्या कोऱ्या कागदाचा किंवा वासरहित, धूळ नसलेल्या भुशाचा, ज्यात त्याला बीळ खणता येईल. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा त्याच्या श्वासाला बाधतो. दुसऱ्या दिवशी नातवंडांनी लाडाने त्याला मोरेन्याच्या गजकेचा तुकडा दिला. चिकट गोड पदार्थ गालांच्या पिशवीत चिकटून बसतो आणि तेथे जखम होते. बाजरी, ज्वारी, गहू, ओट, थोडी काकडी किंवा गाजर, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा कण, आणि सतत स्वच्छ पाणी, इतकाच त्याचा आहार. कांदा, लसूण, लिंबू-संत्रे, फराळाचे जिन्नस हे सर्व वर्ज्य. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी सुचवले की एकटा कंटाळेल, जोडी आणा. सुदैवाने ती आणली नाही. सोनेरी हॅम्स्टर हा एकांतप्रिय प्राणी आहे. वयात आलेले दोन एका पिंजऱ्यात ठेवले तर एक दुसऱ्याला मारून टाकण्यापर्यंत भांडण जाते. आणि नर-मादीची जोडी जमलीच, तर सोळा-सतरा दिवसांत आठ-दहा पिले होतात, आणि ती पिले महिना-दीड महिन्यात स्वतः विण्याजोगी होतात. म्हणूनच टाकलेली मादी घरी आणणाऱ्याने ती पोटुशी असण्याची शक्यता धरून चालावे, आणि पिले झालीच तर काही दिवस तिच्या वाटेला जाऊ नये. भेदरलेली आई आपलीच पिले खाते.

दिवसा तो झोपलेला असे म्हणून मुले त्याला हलवून उठवत. तो चावे. मग घरात ठरले की हा चिडका आहे. हा निशाचर प्राणी आहे, त्याला दिवसा उठवणे म्हणजे आपल्याला मध्यरात्री गदागदा हलवणे होय, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. त्याची दृष्टी अधू असते. वासावर तो जग ओळखतो. नव्या घरी आणल्यावर दोन-तीन दिवस त्याला हातच लावू नये, जुन्या खोक्यातला थोडा भुसा नव्या पिंजऱ्यात टाकावा म्हणजे त्याला आपला वास सापडतो, आणि मग संध्याकाळी तळहात पुढे ठेवून तो स्वतः येईपर्यंत वाट पाहावी. उचलायचे ते जमिनीलगत बसून, दोन्ही हातांच्या ओंजळीत. उभ्याने हातातून सुटला तर हाड मोडते. दुकानात मिळतो तो पाखराचा पिंजरा त्याला पुरत नाही. जर्मनीतील प्राणिकल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांची संस्था निदान १०० सेंटिमीटर लांब व ५० सेंटिमीटर रुंद जागा सांगते. आत पाठ न वाकता धावता येईल असे, सलग पृष्ठाचे मोठे चाक हवे. कारण हॅम्स्टर एका रात्रीत कित्येक मैल धावू शकतो. लहान पिंजऱ्यात रात्रभर गज कुरतडणारा हॅम्स्टर आपली करमणूक करत नसतो. तो बाहेर काढा म्हणून सांगत असतो.

आणि सर्वांत मोठा धडा ग्वाल्हेरच्या हवेने दिला. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, दगडी पट्ट्यांची छते रात्रीपर्यंत तापलेली असतात; आणि जानेवारीत रात्री तोच पारा चार-पाचावर येतो. हॅम्स्टरला दोन्ही टोके घातक. उन्हाळ्यात त्याला माडीवर ठेवणे म्हणजे भट्टीत ठेवणे. घरातली सर्वांत खालची, आतली, काळोखी खोली त्याला द्यावी, पिंजऱ्यात बसायला एक थंड फरशीचा तुकडा ठेवावा, आणि कूलरचा दमट झोत थेट त्याच्यावर सोडू नये. हे आम्ही वेळीच शिकलो. हिवाळ्याचे मात्र शिकलो नव्हतो.

जानेवारीतील एका धुक्याच्या सकाळी तो गार, गोळा होऊन पडलेला दिसला. हलवले तरी हालचाल नाही, श्वास दिसेना. घरात सर्वांना वाईट वाटले. मुले रडली. तुळशीजवळ खड्डा खणायला घेतला. खड्डा अर्धा झाला असताना आमच्या घरातील वडीलधाऱ्या बाईंनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात त्याला गुंडाळताना त्याच्या मिशा थरथरल्यासारख्या पाहिल्या. त्यांनी त्याला खाली ठेवला नाही. उबदार खोलीत नेऊन, कोमट पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून जवळ ठेवली आणि मांडीवर घेऊन बसल्या. बऱ्याच वेळाने त्याचे अंग थरथरू लागले, मग एक पाय हलला, मग त्याने डोळे उघडले. थंडी, अंधार आणि अन्नाची टंचाई एकत्र आली की हॅम्स्टर शीतनिद्रेत जातो. श्वास इतका मंदावतो की अजाण माणसाला तो मेलेलाच वाटतो. आम्ही जिवंत प्राण्याला पुरायला निघालो होतो. आमच्या घरात प्रेमाची उणीव नव्हती. उणीव होती ती हा प्राणी कोण आहे, हे विचारून घेण्याच्या कष्टांची.

म्हणून "खेळेल चार दिवस" हे वाक्य आम्हांस हशापेक्षा अधिक बोचले. नाथांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. त्या गोष्टीत नाथांनी गाढवाला कुरवाळले, त्याच्या गळ्यात हार घातला असे कुणी सांगत नाही. त्याला पाणी हवे होते, हे त्यांनी ओळखले आणि पाणी दिले. समोरच्या जिवाला काय हवे आहे हे न ओळखता दाखवलेल्या दयेत आपलीच हौस भागत असते. मुलांच्या वाढदिवसाला हॅम्स्टर देणे ही अशीच हौस आहे. दहा वर्षांचे मूल त्याची निगा राखण्यास मदत करील. निगा राखणार मात्र घरातील मोठे माणूसच, हे ठरवल्याशिवाय पिंजऱ्याचे दार उघडू नये.

कायद्याचीही थोडी आठवण द्यावीशी वाटते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली राज्यसभेत प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध विधेयक आणले, आणि त्या प्रयत्नांतून १९६० चा कायदा झाला. त्या कायद्यात प्राणी म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी, म्हणजे हॅम्स्टरही. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा त्यात गुन्हा आहे, आणि हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात कोंडणे हाही गुन्हा आहे. २०१८ च्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीच्या नियमांत तर हॅम्स्टरचे नावच घातले आहे, आणि नोंदणीशिवाय असे दुकान चालवण्यास मनाई आहे. पण १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यास दंड किती ठरवला? दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. ज्या दंडात आज एक प्लेट कचोरी धड येत नाही, त्या दंडाच्या धाकाने कुणी खोके उचलून परत घरात नेईल, ही आशाच व्यर्थ. म्हणून येथे भार पडतो तो लोकलज्जेवर, म्हणजे आपल्यासारख्या मंडळांवर. जोवर आपण दुकानातून हॅम्स्टर विकत घेत राहू, तोवर त्यांची पैदास होत राहील आणि जिन्याखाली खोकी ठेवली जात राहतील. ज्याला पाळायचाच आहे, त्याने टाकलेला घ्यावा.

यावर एक नेहमीचा प्रश्न येतो: माणसे उपाशी असताना उंदरांचे लाड कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी उपाशी माणसांसाठी काय केले, असे उलट विचारण्याचा मोह आम्ही आवरतो. फक्त एवढेच म्हणतो की आपले समाजमन प्राण्यांच्या बाबतीत इतके काटकसरी नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते श्योपुरच्या कुनो राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्याच मुलखात आले. तेव्हापासून त्यांचे आजार, त्यांची पिले, त्यांची भटकंती ही सारी बातमी आपण चहाबरोबर वाचतो, आणि त्यातला एक मेला की हळहळतो. ते योग्यच आहे. पण चित्त्यासाठी हळहळणे आपल्याला काहीच मागत नाही. जिन्याखालचा हॅम्स्टर आपल्या घरातला एक कोपरा मागतो, रोजची दहा-पंधरा मिनिटे मागतो. याच सुमारास हाँगकाँगमध्ये काय घडले तेही पाहावे. जानेवारी २०२२ मध्ये एका दुकानातील हॅम्स्टरांना कोविडची बाधा आढळली, आणि सरकारने सुमारे दोन हजार लहान प्राणी मारण्याचा व नुकतेच विकत घेतलेले हॅम्स्टर आणून देण्याचा हुकूम काढला. त्या वेळी अनेक सामान्य नागरिक पुढे आले आणि लोक सोडून द्यायला निघालेले हॅम्स्टर आपण सांभाळतो म्हणाले. सरकारचे भय निराधार नव्हते, हे आम्ही मान्य करतो. तरी त्या नागरिकांनी सोन्यासारखा एक प्रश्न विचारला: घरात घेतलेला जीव संकट आले म्हणून परत करायचा असतो काय?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. हॅम्स्टर दोन, फार तर तीन वर्षे जगतो. टाकलेल्याचे वय कळत नाही, म्हणून घेणाऱ्याच्या वाट्याला दीडच वर्ष येईल, कदाचित सहाच महिने येतील. इतक्या थोड्या काळासाठी कोणी घ्यावे काय? ज्याने घेण्यापूर्वी पिंजरा, चाक आणि खोली तयार केली. हॅम्स्टर तपासू शकेल असा पशुवैद्य आधी शोधला, कारण आपल्याकडील बहुतेक दवाखान्यांना गाई-म्हशी आणि कुत्र्यांचाच सराव. सुट्टीत गावाला गेल्यावर मागे कोण पाहील हे ठरवले. आणि घरातील सर्वांनी होकार दिला, त्याने अवश्य घ्यावा. ज्याला यातले काही जमणार नाही, त्याने नम्रपणे नाही म्हणावे. तसा नकार हीदेखील त्या जिवावर दयाच आहे. पण हसू नये, आणि चार दिवसांसाठी मागू नये.

कोणी विचारील की इतके सांगणारे आपण स्वतःच त्याला का नेत नाही? आमचा हॅम्स्टर त्या जानेवारीनंतर सव्वा वर्ष जगला आणि एका रात्री झोपेतच गेला. तुळशीजवळचा तो अर्धा राहिलेला खड्डा तेव्हा पुरा केला. आता आम्ही वर्षातले पाच महिने मुलाकडे पुण्यास असतो. वर जी अट घातली तीच आमच्या आड येते, आणि ती आम्ही स्वतःसाठी सैल करणार नाही. मात्र आमच्याकडचा मोठा पिंजरा, चाक आणि पाण्याची बाटली स्वच्छ धुऊन ठेवली आहे. हा मजकूर छपाईला जाईपर्यंत त्या तरुण सभासदाकडे चौकशी केली. हॅम्स्टर अजून त्या मुलांच्या घरी, त्याच खोक्यात आहे. मुलांच्या आईवडिलांनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली आहे.

ग्वाल्हेरात मराठी कुटुंबे अजून पुष्कळ आहेत. वाडे रिकामे होत चालले, खोल्यांना कुलुपे पडली, मुले दूर गेली, ही तक्रार आपण प्रत्येक बैठकीत ऐकतो. त्या खोल्यांपैकी एका आतल्या, थंड खोलीत तीन फुटांची जागा ज्यांच्याकडे असेल आणि वरच्या अटी ज्यांना मान्य असतील, त्यांनी मंडळाच्या कार्यवाहांना कळवावे. पिंजरा आम्ही घरपोच पोहोचवू.